रेमेडियल गणिताच्या पायऱ्यांवर अडकलेले विद्यार्थी : कम्युनिटी कॉलेजांत नेमके काय उपयोगी पडते?

अंकलिपी (मूळ लेखन)

गेली अकरा वर्षे मी कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी गणित शिकवतो आहे. माझ्या वर्गात द्राक्षे आणि बदामाच्या बागांत काम करणाऱ्या कुटुंबांतली मुले असतात, गोदामात रात्रपाळी करणारे बाप असतात, मूल झाल्यावर दहा वर्षांनी पुन्हा वही उघडणाऱ्या आया असतात. मेक्सिकन, लाओसकडून आलेले ह्मोंग, पंजाबी, कृष्णवर्णीय, गोरे असे सगळेच येतात आणि बहुतेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे ते पहिलेच असतात. कॉलेजच्या दर्जाचे गणित आणि इंग्रजी त्यांना झेपावे म्हणून जे रेमेडियल वर्ग वर्षानुवर्षे चालले, त्यांचे काय झाले आणि त्यांच्या जागी आता जे आले आहे ते कितपत उपयोगी पडते, याविषयी येथे सविस्तर लिहावेसे वाटले.

भारतातल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचे सार्वजनिक महाविद्यालय. सध्या चालू असलेल्यांपैकी सर्वांत जुने १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट येथे सुरू झाले आणि आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ महाविद्यालये आहेत. येथे प्रवेशासाठी गुणांची अट नसते. जो येईल त्याला जागा मिळते. दोन वर्षांनंतर विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येते, मात्र त्यासाठी विद्यापीठाला मान्य असलेला गणिताचा आणि इंग्रजीचा किमान एकेक विषय उत्तीर्ण व्हावा लागतो. सगळी वाट याच दोन दारांतून जाते.

पूर्वी पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याला संगणकासमोर बसवून कंपास किंवा ॲक्युप्लेसरसारखी प्लेसमेंट चाचणी घेतली जात असे. अनेकांना ही चाचणी किती महत्त्वाची आहे याची कल्पनाच नसे. कोणी कामावरून थेट येई, कोणी वर्षानुवर्षे अपूर्णांक पाहिलेला नसे. चाचणीत गुण कमी पडले की अंकगणित, पूर्वबीजगणित, प्राथमिक बीजगणित आणि मध्यम बीजगणित अशा उतरंडीतल्या एखाद्या पायरीवर त्याची नेमणूक होई. या वर्गांची युनिट, म्हणजे श्रेयांक, पदवीत धरली जात नसत. पैसे, वेळ आणि आर्थिक मदतीची मुदत मात्र त्यांत खर्च होई, कारण पेल ग्रँट ही केंद्र सरकारची मदत आयुष्यभरात बारा पूर्ण सत्रांपुरतीच मिळते.

आता एक साधे गणित मांडतो. शंभर विद्यार्थी कॉलेज दर्जाच्या तीन पायऱ्या खाली बसवले, असे समजा. प्रत्येक वर्गात ७० टक्के उत्तीर्ण होतात आणि उत्तीर्णांपैकी ८० टक्के पुढच्या सत्रात पुढच्या वर्गात नाव घालतात, असेही धरा. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत आणि ते काही वाईट नाहीत. तरीही तीन रेमेडियल आणि एक कॉलेज दर्जाचा असे चार वर्ग आणि त्यांमधल्या तीन फटी ओलांडून अखेरीस उत्तीर्ण होणारे विद्यार्थी उरतात बारा. शिक्षकाने जीव ओतून उत्तीर्णांचे प्रमाण ८० टक्क्यांवर नेले, तरी ते एकवीसच होतात. पहिली काही वर्षे मी हेच करत होतो. रात्री घरी येऊन सरावपत्रिका सुधारत होतो आणि माझ्या वर्गाचा निकाल वाढला की समाधान मानत होतो. हे गुणाकाराचे गणित मी फळ्यावर लिहून पाहिले, त्या दिवशी मला आतून हलल्यासारखे झाले.

प्रत्यक्षातला अनुभवही याच दिशेने जातो. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये कम्युनिटी कॉलेजांवर संशोधन करणारे एक केंद्र आहे. तेथील टॉमस बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की गणिताच्या रेमेडियल वर्गांकडे पाठवलेल्यांपैकी ३३ टक्के आणि वाचनाच्या वर्गांकडे पाठवलेल्यांपैकी ४६ टक्के विद्यार्थ्यांनीच ती साखळी पूर्ण केली. त्यातही मनाला लागणारी गोष्ट अशी, की नापास होऊन गळणाऱ्यांपेक्षा पहिल्या किंवा पुढच्या वर्गात नावच न घातल्यामुळे गळणारे अधिक होते. म्हणजे ही मुले गणितात हरली नव्हती. जून ते ऑगस्टच्या मधल्या काळात, भाड्याचा हप्ता आणि आजीचे आजारपण यांच्यात, ती वाटेवरून बाजूला गेली होती.

त्याच केंद्रातल्या ज्युडिथ स्कॉट-क्लेटन आणि सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास दाखवून दिले, की या चाचण्यांमुळे गणितात चारपैकी एका आणि इंग्रजीत तीनपैकी एका विद्यार्थ्याची नेमणूक गंभीररीत्या चुकत होती आणि शाळेतले चार वर्षांचे गुण चाचणीपेक्षा चांगला अंदाज देत होते. एसीटी या संस्थेने पुढे २०१६ च्या अखेरीस कंपास चाचणी बंदच केली. कॅलिफोर्नियात २०१७ साली एबी ७०५ हा कायदा झाला. नेमणूक करताना शाळेतले गुण पाहावेत आणि विद्यार्थी एका वर्षात कॉलेज दर्जाचे गणित व इंग्रजी पूर्ण करील याची शक्यता जास्तीत जास्त राहील अशीच जागा त्याला द्यावी, असे त्याने सांगितले. २०१९ च्या शरद सत्रापासून त्याची पूर्ण अंमलबजावणी झाली.

त्यानंतर आमच्याकडे बहुतेक विद्यार्थी थेट कॉलेज दर्जाच्या वर्गात येतात आणि ज्यांना गरज आहे त्यांना त्याच सत्रात, त्याच विषयाला जोडलेला आधारवर्ग दिला जातो. त्याला येथे कोरेक्विझिट म्हणतात. माझ्या अनुभवाने हा बदल योग्य आहे. परंतु पायऱ्या काढून टाकणे आणि हात देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अनेक ठिकाणी पहिली झाली, दुसरी झालीच नाही, ही माझी खरी चिंता आहे. आपल्यापैकी जे येथे शिकवतात, शिकले आहेत किंवा भारतात उपचारात्मक अध्यापनाचे काम करतात, त्यांचे अनुभव मला हवे आहेत.

---

गोदाकाठ

लेख मनापासून लिहिला आहे. मी नाशिक जिल्ह्यात तंत्रनिकेतनात तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालो, म्हणून एक शंका स्पष्टपणे मांडतो. ज्याला ऋण संख्यांची वजाबाकी येत नाही, त्याला संख्याशास्त्राच्या वर्गात बसवणे म्हणजे पाया न भरता भिंत उभी करणे नव्हे काय? आमच्याकडे एटीकेटी घेऊन वरच्या वर्गात गेलेली मुले मी पाहिली आहेत. मागचा विषय डोक्यावर आणि पुढचा अंगावर, अशी त्यांची अवस्था होत असे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेतून अनुसूचित जाती-जमातींच्या आणि इतर मागास वर्गांतल्या विद्यार्थ्यांसाठी रेमेडियल कोचिंगचे वर्ग चालत, तेही मी घेतले. शिकवणी नियमित झाली तेथे मुले उभी राहिली, कागदोपत्री झाली तेथे काहीच घडले नाही. म्हणून विचारतो, की उत्तीर्णांचे प्रमाण वाढले यात शिकणे किती वाढले आणि सैल तपासणी किती?

---

अंकलिपी

सर, हीच शंका माझ्या विभागातल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी घेतली होती आणि सुरुवातीला मीही त्यांच्याच बाजूचा होतो. माझे मत ज्या प्रयोगाने बदलले तो सांगतो.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीच्या तीन कम्युनिटी कॉलेजांत २०१३ च्या शरद सत्रात, प्राथमिक बीजगणिताची गरज आहे असे ठरवलेल्या ९०७ विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत विभागणी केली होती. एका गटाला नेहमीचा रेमेडियल बीजगणिताचा वर्ग मिळाला, दुसऱ्याला तोच वर्ग आणि जोडीला आठवड्याची कार्यशाळा, तिसऱ्याला थेट कॉलेज दर्जाचे संख्याशास्त्र आणि कार्यशाळा. उत्तीर्णांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ३९, ४५ आणि ५६ टक्के आले. अधिक वरच्या दर्जाच्या विषयात अधिक मुले उत्तीर्ण झाली, कारण त्या विषयाला त्यांच्या दृष्टीने अर्थ होता आणि त्याची युनिट पदवीत धरली जात होती.

पायाचे म्हणाल तर तो आम्ही सोडलेला नाही, तो भरण्याची वेळ बदलली आहे. प्रमाण विचलनाचे सूत्र शिकवायच्या दोन दिवस आधी आधारवर्गात वर्ग, वर्गमूळ आणि पदावलीतला क्रियांचा क्रम घेतो. रेषेचा चढ काढण्याआधी ऋण संख्यांची वजाबाकी तापमानाच्या आणि बँकेतल्या शिलकेच्या उदाहरणांनी करून घेतो. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश लिहिणारी मुले आजही माझ्या वर्गात आहेत. पण हीच चूक सप्टेंबरमध्ये संभाव्यतेच्या गणितात अडली की त्यांना ती दुरुस्त करावीशी वाटते; तीच चूक निव्वळ अपूर्णांकांच्या वर्गात चौथ्यांदा समोर आली की ती वही मिटतात. सातवीत, नववीत आणि अकरावीत जे जमले नाही, तेच त्याच पद्धतीने पुन्हा दिल्यास विद्यार्थ्याला आपण मंद आहोत एवढेच शिकायला मिळते.

तपासणीचा प्रश्न रास्त आहे. आमच्या विभागात अंतिम परीक्षेचा मोठा भाग सगळ्या वर्गांना समान असतो आणि तो भाग एकमेकांच्या वर्गाचा आम्ही तपासतो. हे प्रत्येक ठिकाणी व्हावे असे मला वाटते.

---

चाफेकळी

मी शिक्षिका नाही, विद्यार्थिनी होते. लग्नानंतर एच-४ व्हिसावर येथे आले, मुलगी शाळेत जायला लागल्यावर घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातले. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी माझे सगळे शिक्षण मराठी माध्यमात झाले होते. गणितात मला अडचण आली नाही. इंग्रजीत मात्र मला चार पातळ्या खाली बसवण्यात आले. म्हणजे पदवीत धरल्या जाणाऱ्या पहिल्या निबंधलेखनाच्या वर्गापर्यंत पोहोचायला दोन वर्षे. त्या दोन वर्षांत माझ्याबरोबरच्या वर्गातल्या बहुतेक जणी एकेक करून दिसेनाशा झाल्या. कोणीही नापास झाली नव्हती. एकीच्या नवऱ्याची पाळी बदलली, एकीची गाडी मोडली, एकीला बाळ झाले.

मी टिकले ते माझ्या हुशारीमुळे टिकले, असे मला वाटत नाही. माझ्या नवऱ्याची नोकरी पक्की होती, घरात मोटार होती आणि कॉलेजच्या आवारातल्या पाळणाघरात मुलीला जागा मिळाली. ज्या बायका माझ्यापेक्षा चांगले लिहीत होत्या, त्यांच्याकडे यांतले एकही नव्हते. म्हणून या विषयावर बोलताना अभ्यासक्रमाच्या रचनेइतकेच महत्त्व बसच्या वेळापत्रकाला आणि पाळणाघराला द्यावे, अशी कळकळीची विनंती आहे. संध्याकाळचा वर्ग सव्वानऊला सुटतो आणि शेवटची बस नऊला जाते, अशा ठिकाणी कितीही उत्तम आधारवर्ग ठेवला तरी त्या बाईला शेवटची पंधरा मिनिटे रोज सोडावी लागतात, आणि गृहपाठ नेमका त्याच पंधरा मिनिटांत समजावला जातो.

---

मावळतीर

मी टेनेसीमध्ये उच्चशिक्षणाच्या आकडेवारीवर काम करतो. आमचा अनुभव या धाग्याला पूरक ठरेल आणि थोडा सावधही करील.

टेनेसीने २०१५ च्या शरद सत्रापासून सर्व कम्युनिटी कॉलेजांत स्वतंत्र रेमेडियल वर्ग थांबवून कोरेक्विझिट सुरू केले. त्याआधी गणितात रेमेडियल ठरलेल्यांपैकी जेमतेम १२ टक्के विद्यार्थी एका वर्षात कॉलेज दर्जाचे गणित पूर्ण करत. ते प्रमाण निम्म्याच्या आसपास गेले. वृत्तपत्रांनी हे आकडे उचलून धरले आणि इतर राज्येही त्या वाटेने निघाली. पण कोलंबियाच्या त्याच केंद्राने नंतर काटेकोर तुलना केली. प्लेसमेंटच्या सीमारेषेच्या थोडे अलीकडचे आणि थोडे पलीकडचे विद्यार्थी एकमेकांशी ताडून पाहिले, तेव्हा कोरेक्विझिटमुळे एका वर्षात गणित पार होण्याची शक्यता सुमारे १५ आणि इंग्रजी पार होण्याची सुमारे १३ टक्के-बिंदूंनी वाढलेली दिसली. हा लाभ खरा आहे. गणितातला लाभ मुख्यतः विद्यार्थ्याला त्याच्या शाखेला लागणाऱ्या गणिताकडे नेल्यामुळे झाला, म्हणजे परिचारिका होऊ पाहणारीला बीजगणिताऐवजी संख्याशास्त्र दिल्यामुळे. परंतु पुढे टिकून राहणे, विद्यापीठात जाणे किंवा पदवी मिळवणे यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

याचे कारण मला चाफेकळी यांच्या प्रतिसादात दिसते. गणिताचे दार उघडले तरी पुढची वाट तितकीच खडतर राहिली. याउलट न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली सुरू केलेला ‘असॅप’ हा कार्यक्रम पाहा. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचे, सल्लागाराला ठरावीक वेळा भेटायचे आणि शिकवणीला यायचे. बदल्यात फीची उरलेली रक्कम माफ, पाठ्यपुस्तकांची सोय आणि दरमहा भुयारी रेल्वेचा व बसचा पास. एका सल्लागाराकडे साठ ते ऐंशीच विद्यार्थी होते, जेथे एरवी ते शेकड्यांनी असतात. एमडीआरसी या संस्थेने रेमेडियलची गरज असलेल्या विद्यार्थ्यांवर चिठ्ठीपद्धतीने चाचणी घेतली, तेव्हा तीन वर्षांत पदवी मिळवणारे कार्यक्रमात ४० टक्के आणि बाहेर २२ टक्के निघाले. ओहायोतल्या तीन कॉलेजांनी तोच नमुना उचलला. तेथे ३५ विरुद्ध १९ असा निकाल आला. शहर वेगळे, विद्यार्थी वेगळे, परिणाम जवळपास तोच. या क्षेत्रात असे क्वचितच घडते.

---

अंकलिपी

मावळतीर, फार आभार. ‘असॅप’चा न्यूयॉर्कमधला जादा खर्च तीन वर्षांत दर विद्यार्थ्यामागे सुमारे १६,३०० डॉलर होता. आमच्या अधिकाऱ्यांसमोर हा आकडा ठेवला की बैठक तेथेच संपते. वास्तविक त्याच अहवालात पुढे म्हटले आहे, की पदवीधर इतके वाढले की एका पदवीमागचा खर्च उलट कमीच झाला. वर्षाचे अंदाजपत्रक मात्र प्रवेशांवर बेतलेले असते; तीन वर्षांनी मिळणाऱ्या पदव्यांचा त्यात रकाना नसतो.

दुसरी अडचण शिक्षकांची आहे. रेमेडियल आणि आधारवर्ग मोठ्या प्रमाणात माझ्यासारखे तासिका तत्त्वावरचे शिक्षक घेतात. आम्हाला येथे ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात, कारण सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या आणि संध्याकाळी तिसऱ्या अशी आमची धाव असते. अनेक ठिकाणी आम्हाला बसायला खोली नाही आणि वर्गाबाहेरच्या वेळेचे पैसे नाहीत. ज्या विद्यार्थ्याला शिक्षकाच्या वेळेची सर्वांत अधिक गरज आहे, त्याला सर्वांत कमी वेळ असलेला शिक्षक मिळतो. मी अनेक मुलांशी वाहनतळावर, गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून बोललो आहे.

---

उत्तररात्र

मी पदव्युत्तर शिक्षण घेताना दोन वर्षे एका कॉलेजात वर्गात बसणारी शिकवणी-सहायक होते. या कामाला तेथे ‘एम्बेडेड ट्यूटर’ म्हणतात. शिकवणी केंद्र ग्रंथालयाच्या तळमजल्यावर होते आणि ज्यांना गरज असे ते तेथे येतच नसत, कारण मदत मागणे म्हणजे आपली जागा येथे नाही हे कबूल करणे, असे त्यांना वाटत असे. मी वर्गातच त्यांच्या शेजारी बसू लागले, तेव्हा प्रश्न आपोआप येऊ लागले.

यासंदर्भात युरी ट्राइझमन यांचे काम मला फार मोलाचे वाटते. १९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारात कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी का मागे पडतात याचा त्यांनी शोध घेतला, तेव्हा ते आळशी आहेत किंवा त्यांची तयारी कच्ची आहे ही प्रचलित समजूत टिकली नाही. ते तासन्‌तास अभ्यास करत होते, पण एकटे. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत आणि कोणती उदाहरणे सगळ्यांनाच अवघड जातात हे त्यांना कळत असे. ट्राइझमन यांनी मग गटाने बसून अवघड उदाहरणे सोडवण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या. त्यांत दुरुस्तीची भाषा नव्हती, आव्हानाची होती, आणि निकाल बदलले. आमच्या आधारवर्गाचे नाव वेळापत्रकात ‘गणित आधार’ ऐवजी ‘संख्याशास्त्र कार्यशाळा’ असे छापून आल्यावर तेथे बसणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा फरक मी स्वतः पाहिला आहे.

---

गोदाकाठ

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. माझी पायाविषयीची शंका बरीचशी दूर झाली. एक प्रश्न उरतो. सीमारेषेजवळच्या मुलांचे तुम्ही सांगितले; जो खरोखरच तळाशी आहे, ज्याची शाळाच पाचवी-सहावीत सुटली आणि जो तिशीत परत आला, त्याचे काय? पायऱ्या काढल्यावर त्याला उभे राहायला जागा उरली का?

---

अंकलिपी

सर, हा प्रश्न मला रात्री जागा ठेवतो. २०२२ च्या एबी १७०५ कायद्याने नियम आणखी कडक केले आणि पदवीकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला खालच्या वर्गात बसवणे जवळजवळ बंद केले. बहुतेकांच्या हिताचे असले तरी माझ्या दर वर्गात असे दोन-तीन जण असतात, ज्यांना कोरेक्विझिटची गती झेपत नाही. ते नापास होतात, पुन्हा तोच वर्ग घेतात, पुन्हा नापास होतात आणि घेतलेल्या युनिटांपैकी पुरेशी पूर्ण न केल्यामुळे त्यांची आर्थिक मदत थांबते. अशांसाठी फी नसलेले, युनिट नसलेले प्रौढशिक्षणाचे वर्ग आहेत, पण ते बऱ्याचदा गावाच्या दुसऱ्या टोकाला असतात आणि तिकडे कोणी हात धरून नेत नाही. वॉशिंग्टन राज्यात ‘आय-बेस्ट’ नावाची रचना आहे. तीत वेल्डिंग किंवा परिचर्येच्या वर्गात व्यवसायाचा शिक्षक आणि मूलभूत शिक्षणाचा शिक्षक असे दोघे एकत्र शिकवतात, त्यामुळे तळाचा विद्यार्थीही पहिल्या दिवसापासून खऱ्या कामाच्या वर्गात असतो. आमच्याकडे ती आणावी म्हणून आम्ही चार शिक्षकांनी अर्ज दिला आहे.

तोवर हातात जे आहे ते करतो. आमचे सत्र ऑगस्टच्या मध्यावर सुरू होते आणि नेमक्या त्याच वेळी मनुक्यांची द्राक्षे आणि बदाम यांची तोडणी असते, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बागांत काम करणारी मुले दिसेनाशी होतात. पूर्वी मी ती गळाली असे धरून चालत असे. आता पहिल्याच दिवशी तोडणीला कोण जाणार हे विचारतो, त्यांच्यासाठी पहिली चाचणी सप्टेंबरच्या अखेरीस ठेवतो आणि दोन तास बुडाले की फोन करतो. मागच्या सत्रात अशा नऊ जणांना फोन केले, त्यांपैकी सहा परत आले. त्यांतला एक जण आता चाफेकळी म्हणतात ती शेवटची बस चुकू नये म्हणून वर्गातल्या तिघींना आपल्या पिकअपमधून घरी सोडतो, आणि गृहपाठ गाडीतच समजावून देतो.